नोंदवहीतील रकाना आणि मागासलेपणाची कसोटी : आय. पी. देसाई यांच्या भूमिकेची समीक्षा

पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणापासून दूर ठेवल्या गेलेल्या समूहांना आज झुकते माप देणे न्याय्य आहे काय, या प्रश्नावर मराठीत आणि गुजरातीत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बरेचसे घोषणांच्या पातळीवरचे आहे. प्रस्तुत लेखात ज्या लेखनाचा परामर्श घ्यावयाचा आहे ते या प्रकारात मोडत नाही. सूरतच्या सेंटर फॉर सोशल स्टडीज या संस्थेचे संस्थापक आणि ज्येष्ठ समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९८४ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये एक लेख लिहिला. मागासलेपण ओळखण्याचा आधार जात असावी काय, असा त्याचा विषय होता आणि देसाईंचे उत्तर नकारार्थी होते. चाळीस वर्षांनंतर हा लेख पुन्हा वाचण्याचे कारण असे की, मुस्लिम शिक्षणसंस्थांमध्ये काम करणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकांना त्यातील युक्तिवाद फार जवळचा वाटतो. तो जवळचा वाटतो म्हणूनच तपासून घेणे आवश्यक आहे.

देसाई हे आरक्षणविरोधी आंदोलनाचे प्रवक्ते नव्हते, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. गुजरातच्या खेड्यांतील अस्पृश्यतेचा त्यांनी केलेला अभ्यास आजही आधारभूत मानला जातो. मराठी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण त्यांच्या आरंभीच्या पुस्तकांपैकी एक पुण्यातील माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांवर होते आणि ते डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केले होते. शाळेच्या दारात कोण पोहोचतो आणि कोण पोहोचत नाही, हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. अशा अभ्यासकाने जातीचा निकष नाकारला, म्हणून त्याच्या नकाराला वजन आहे.

त्या लेखाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. गुजरात सरकारने १९७२ साली न्या. ए. आर. बक्षी यांच्या अध्यक्षतेखाली मागासवर्ग आयोग नेमला. १९७६ च्या अहवालात त्याने ८२ जाती व समूह सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरविले आणि १९७८ पासून त्यांच्यासाठी १० टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. १९८१ साली अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमातील राखीव जागेवरून आंदोलन पेटले आणि त्याची झळ मुख्यतः दलितांना बसली. त्याच वर्षी न्या. सी. व्ही. राणे यांचा दुसरा आयोग नेमला गेला. देसाई या आयोगाचे सदस्य होते. १९८३ च्या अहवालात राणे आयोगाने जातीचा आधार सोडून व्यवसाय आणि उत्पन्न यांवर मागासलेपण मोजावे आणि राखीव जागांचे प्रमाण १० वरून २८ टक्क्यांवर न्यावे, असे सुचविले. सरकारने यातील आकडा उचलला आणि कसोटी बाजूला ठेवली. जानेवारी १९८५ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, माधवसिंह सोळंकी सरकारने जुन्या जातनिहाय यादीलाच २८ टक्के जागा जाहीर केल्या.

पुढे काय झाले हे सूरतकरांना सांगावे लागू नये. फेब्रुवारीत सुरू झालेले आरक्षणविरोधी आंदोलन मार्चमध्ये हिंदू–मुस्लिम दंगलीत रूपांतरित झाले, दोनशेहून अधिक माणसे मारली गेली, जुलैमध्ये सोळंकींना पायउतार व्हावे लागले. त्यांच्या जागी सूरत जिल्ह्यातील आदिवासी समाजातून आलेले अमरसिंह चौधरी मुख्यमंत्री झाले आणि वाढविलेले १८ टक्के मागे घेण्यात आले. मुस्लिम समाज या वाढीचा प्रमुख लाभार्थी नव्हता, तरी रस्त्यावरची किंमत त्याला मोजावी लागली. हे कसे घडले, याचा वेध ऑर्नित शानी यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घेतला आहे. येथे त्याच्या खोलात जात नाही. देसाईंचे निधन १९८५ च्या आरंभीच झाले. आपल्या लेखाचा हा उत्तरार्ध त्यांना पाहावा लागला नाही.

आता मूळ युक्तिवादाकडे वळू. देसाईंच्या मते भारतीय समाज जातीकडून वर्गाकडे सरकत आहे. ही वाटचाल मंद आहे, अपुरी आहे, पण तिची दिशा ती आहे. राज्यसंस्थेने जातीला मागासलेपणाचे माप म्हणून मान्यता दिली तर ज्या व्यवस्थेचा अंत व्हावा अशी संविधानाची अपेक्षा आहे, तिलाच सरकारी शिक्का मिळतो. दुसरे असे की, एकाच जातीत जमीनदार आणि मजूर दोघेही असतात आणि राखीव जागा त्या जातीतील वरच्या थराच्या हाती पडतात. म्हणून धर्म व जात यांच्या पलीकडे जाऊन व्यवसाय आणि मिळकत यांवरून मागास कोण ते ठरवावे.

या भूमिकेला पहिले उत्तर देसाईंच्या शेजारच्या खोलीतून आले, असे म्हटले तरी चालेल. त्याच संस्थेतील घनश्याम शाह यांनी जानेवारी १९८५ मध्ये त्याच साप्ताहिकात प्रत्युत्तर लिहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता. आरक्षण हा गरिबी हटविण्याचा कार्यक्रम नव्हे. पांढरपेशा नोकऱ्यांवर आणि व्यावसायिक शिक्षणावर काही मोजक्या वरच्या जातींची जी मक्तेदारी आहे ती मोडणे हे त्याचे काम आहे. उच्च जातीतील गरीब आणि खालच्या जातीतील गरीब यांची मिळकत सारखी असली तरी त्यांची सुरुवात सारखी नसते. केवळ मिळकतीची कसोटी लावली तर त्या जागा पहिल्यालाच मिळतील. त्या काळी दक्षिण गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू असलेले उपेंद्र बक्षी यांनीही या वादात भाग घेतला. (आयोगाचे बक्षी वेगळे, नामसाधर्म्यामुळे विद्यार्थी नेहमी घोटाळा करतात.) सूरतच्या एकाच विद्यापीठ परिसरात तीन विद्वान एका प्रश्नावर छापील शब्दांत भिडत होते आणि परस्परांविषयीचा आदर कुठेही सुटला नव्हता. आजच्या वातावरणात हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

यथावकाश न्यायालयाने या वादातील अर्धा भाग शाह यांच्या बाजूने आणि अर्धा देसाईंच्या बाजूने निकाली काढला. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने जात हा मागासवर्ग शोधण्याचा प्रारंभबिंदू असू शकतो हे मान्य केले. निव्वळ आर्थिक निकषावरचे १० टक्के आरक्षण रद्द केले. मात्र त्याचबरोबर मागासवर्गातील सधन थराला, म्हणजे क्रीमी लेअरला, वगळण्याचा आदेश दिला. जातीतील वरचा थर लाभ पळवितो, ही देसाईंची तक्रार अशा रीतीने कायद्यात आली. तिची यथार्थता आता कोणी नाकारीत नाही.

तेव्हा देसाईंचे काय चुकले, हा प्रश्न उरतो. माझ्या मते त्यांची चूक शाह यांनी दाखविली त्याहून खोल आहे आणि ती दिसण्यासाठी हिंदू समाजाकडे नव्हे, मुस्लिम समाजाकडे पाहावे लागते.

जातीचा निकष नाकारणाऱ्यांनी मुसलमानांचा दाखला पूर्वीपासून दिला आहे. पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष काका कालेलकर हे साताऱ्यात जन्मलेले मराठी गृहस्थ, पण गुजराती साहित्यात मानाचे पान मिळविलेले. त्यांच्या आयोगाने २,३९९ जाती मागास ठरविल्या आणि १९५५ साली अहवाल सादर करताना सोबतच्या पत्रात अध्यक्षांनीच जातीच्या आधाराविषयी आपले मन बदलल्याचे कळविले. जातनिहाय उपायांचा मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांवर अनिष्ट परिणाम होईल, हे लक्षात आल्यावर आपले डोळे उघडले, अशा आशयाचे कारण त्यांनी दिले होते. पुढे १९६२ च्या बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, मुस्लिम, ख्रिश्चन, जैन, लिंगायत असे जे समूह जात मानीत नाहीत त्यांच्याबाबत जातीची कसोटी निकामी ठरते. देसाईंची विचारसरणी याच परंपरेतील आहे.

आपल्याला हा युक्तिवाद सुखावतो. इस्लाममध्ये जात नाही, मसावात म्हणजे समता हा आपला पाया आहे, हे आपण वर्गात सांगतो आणि ते धर्मतत्त्व म्हणून खरेच आहे. कोणी परका विद्वान येऊन तेच म्हणतो तेव्हा मान डोलावण्याचा मोह होतो. पण थोडे थांबून विचार करावा. देसाई म्हणत होते की, राज्यसंस्थेने जातीची दखल घेणे थांबवावे, म्हणजे जात क्षीण होत जाईल. हा प्रयोग भारतीय मुसलमानांच्या बाबतीत बऱ्याच अंशी होऊन गेलेला आहे. त्यांच्या धर्मग्रंथाने जात मानली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या बहुतेक सरकारी कागदांनीही त्यांची जात विचारली नाही. 'मुस्लिम' एवढ्यावर काम भागले. मग बिरादरी संपली काय? लग्ने कुठे जुळतात ते पाहावे. जमातीच्या कारभारात कोण बसतो आणि कोण उभा राहतो ते पाहावे. पिंजाऱ्याचा मुलगा, घांचीचा मुलगा, फकीर बिरादरीचा मुलगा कितव्या इयत्तेत शाळा सोडतो ते पाहावे. न लिहिल्यामुळे जात नाहीशी झाली नाही, फक्त तिचा पुरावा नाहीसा झाला. देसाईंच्या सिद्धान्ताला याहून थेट उत्तर दुसरे मिळणे कठीण आहे, आणि गंमत अशी की हे उत्तर त्यांच्या संस्थेपासून काही मैलांवर, लिंबायतच्या आणि उधन्याच्या वस्त्यांत उपलब्ध होते.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थी आला. कुटुंब मूळचे जळगाव जिल्ह्यातील, घरात खान्देशी मराठी आणि उर्दू दोन्ही बोलली जाते. आजोबा कापूस पिंजण्याचे काम करीत. १९८३ साली कुटुंब सूरतला आले, वडील यंत्रमागावर लागले. मुलाला मागासवर्गीय म्हणून शुल्कसवलत हवी होती. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मी पाहिला. जातीच्या रकान्यात 'मुस्लिम' लिहिले होते. वडिलांच्या दाखल्यात तेच. शाळेत विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की, पूर्वीपासून असेच लिहिण्याची पद्धत आहे; पालकांनीही कधी वेगळे सांगितले नाही. यात कोणाचा द्वेष नव्हता. लिहिणारे गुरुजीही मुस्लिमच होते आणि त्यांनी चांगल्याच भावनेने लिहिले असणार.

मग मुलाचे चुलते गावी गेले आणि आजोबांच्या प्राथमिक शाळेतील जनरल रजिस्टरचा उतारा घेऊन आले. त्यात १९५१ सालच्या नोंदीत स्वच्छ अक्षरात 'मुसलमान पिंजारी' असे लिहिलेले होते. त्या काळच्या मास्तरांनी ते कोणत्या भावनेने लिहिले असेल, सांगता येत नाही. कदाचित त्यात थोडी तुच्छताही असेल. पण सत्तर वर्षांनंतर त्या मुलाच्या हाती असलेला एकमेव पुरावा तोच होता. आपल्या हितचिंतक गुरुजींनी लिहिलेला 'मुस्लिम' हा शब्द त्याच्या काहीही उपयोगाचा नव्हता.

तो उताराही सूरतमध्ये पुरेसा ठरला नाही, याचे कारण वेगळे. आरक्षणाचा हक्क राज्यागणिक बांधलेला आहे. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात आणि १९९४ च्या अॅक्शन कमिटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती–जमातींबाबत निर्णय दिला की, एका राज्यातील दर्जा स्थलांतरासोबत दुसऱ्या राज्यात जात नाही. दोन्ही याद्यांत जातीचे नाव एकच असले तरीही नाही. इतर मागासवर्गांनाही हेच तत्त्व लावले जाते. तर्क असा की, मागासलेपण हे स्थानिक परिस्थितीतून येते. जळगावातील पिंजाऱ्याची परिस्थिती सूरतेत येताच पालटते, असे मानणे मात्र प्रत्यक्षाशी विसंगत आहे. जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्लांचे उदाहरण याहून बोलके आहे. ते मुस्लिम आहेत आणि महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, कारण जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. तेच कुटुंब कामासाठी तापीकाठाने खाली सूरतला आले की महाराष्ट्रातील दाखला येथे चालत नाही. स्थलांतरितांच्या शहरात न्यायाची ही बाजू फारशी चर्चिली जात नाही, हे आश्चर्य आहे.

येथे एक प्रतिवाद अपेक्षित आहे. बिरादरीच्या भानगडीत पडण्यापेक्षा सगळ्या मुस्लिम समाजालाच मागास ठरवून राखीव जागा का मागू नयेत? ही मागणी आपल्या सभांमधून वारंवार होते. सच्चर समितीच्या नोव्हेंबर २००६ च्या अहवालानंतर तिला जोर आला. परंतु त्या अहवालाचे सावध वाचन केल्यास दिसते की, समितीने मुस्लिमांना एकसंध मानलेले नाही. अश्रफ, अजलाफ आणि अर्जाल असे थर तिने नोंदविले आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४–०५ च्या आकड्यांनुसार मुस्लिमांपैकी ४०.७ टक्के लोक इतर मागासवर्गात मोडतात, असे दाखविले.

गुजरातपुरते बोलायचे तर सरासरीचा मोह फार धोकादायक आहे. २००१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ६९.१ टक्के होती आणि गुजरातच्या मुस्लिमांची ७३.५ टक्के. या एका आकड्यावरून गुजरातेतील मुसलमान मागास नाहीतच, असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. पण ही सरासरी कोणाकोणाची? अल जामिया तुस सैफिया ही दाऊदी बोहरांची विख्यात विद्यापीठसदृश संस्था याच शहरात आहे. रांदेरच्या सुन्नी व्होरांनी ब्रह्मदेशाशी व्यापार केला. मेमन, खोजे यांची व्यापारी परंपरा सर्वज्ञात आहे. यांना आणि गुजरातच्या मागासवर्ग यादीतील घांची, पिंजारा, सिपाई, मीर, फकीर, जुलाया यांना एकाच पारड्यात घातले की जो आकडा मिळतो तो दोघांपैकी कोणाचेच वर्णन करीत नाही. 'सगळे मुस्लिम मागास' आणि 'मुस्लिम मागास नाहीत' ही दोन्ही विधाने एकाच चुकीतून निघतात, आणि दोन्हींचा तोटा फकीर बिरादरीच्या मुलालाच होतो.

कायद्याचा अनुभवही हेच सांगतो. आंध्र प्रदेशात २००४ साली समस्त मुस्लिमांना दिलेले ५ टक्के आरक्षण न्यायालयात टिकले नाही. २००७ साली मुस्लिमांतील निवडक मागास समूहांपुरता ४ टक्क्यांचा कायदा झाला. तोही उच्च न्यायालयाने रद्द केला, परंतु २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे त्या समूहांचा लाभ चालू राहिला. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीच्या अहवालानंतर जुलै २०१४ मध्ये मुस्लिमांना ५ टक्के देणारा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील शैक्षणिक भागाला हात लावला नव्हता. तरी अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो संपुष्टात आला. याउलट महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींच्या चळवळीने १९९० च्या दशकात बिरादऱ्यांची नावे यादीत नोंदवून घेण्याचा कंटाळवाणा, कागदोपत्री मार्ग धरला. त्या मार्गाने मिळालेले दाखले आजही चालतात.

अश्रफ म्हणविणाऱ्या गरीब घरातील मुलाचे काय, असे कोणी विचारील. शेख किंवा सय्यद आडनावाचा रिक्षाचालकाचा मुलगा गरीब नसतो काय? असतोच. त्याच्यासाठी २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के आले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती वैध ठरविली. वरवर पाहता देसाईंचा आर्थिक निकष पस्तीस वर्षांनी जिंकला, असे वाटेल. वास्तविक तसे नाही. देसाईंना सर्व जातीधर्मांतील गरीब एकत्र मोजायचे होते. या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गातील गरीब आधीच वगळून टाकले. जात न पाहणारा निकष म्हणून जो आला तो जात पाहूनच दार लावतो. शाह यांनी १९८५ साली दिलेला इशारा कायद्याच्या मसुद्यात इतक्या उघडपणे उतरेल, असे त्यांनाही वाटले नसेल.

आपल्या महाविद्यालयांत याचा एक व्यावहारिक परिणाम दिसतो. दाखल्यावर 'मुस्लिम' एवढेच असलेला घांची किंवा पिंजारी विद्यार्थी मागासवर्गाचे प्रमाणपत्र मिळत नाही म्हणून दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करतो. यादीतील समूहाचा असल्याने त्याला तो हक्क नाही, हे त्याला ठाऊक नसते आणि आपण सांगत नाही. उद्या पडताळणीत हे उघड झाले तर प्रवेश जाईल, तो त्याचा.

रकाना भरल्याने सगळे सुटते, असे मात्र म्हणता येणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. सफाईचे, मैला वाहण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे मुस्लिम बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, आणि २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला गेला. येथे जात लिहूनही उपयोग नाही, कारण कायदा ती वाचून बाजूला ठेवतो. जातीला हिंदू धर्माशी जखडून टाकणारी ही समजूत आणि 'आमच्यात जात नाही' हे आपले उत्तर, ही एकमेकांना किती सोयीची आहेत, याचा विचार व्हावा.

नावाच्या प्रश्नाविषयी थोडे. विसाव्या शतकाच्या आरंभी विणकरांनी अन्सारी, पिंजाऱ्यांनी मन्सूरी, खाटकांनी कुरेशी ही नावे घेतली ती प्रतिष्ठेसाठी. जुलाहा ही शिवी झाली होती. अन्सारी हा सन्मान होता. मुलाच्या नावापुढे 'पिंजारा' लिहा असे बापाला सांगणे म्हणजे त्याच्या वडिलांनी कष्टाने पुसलेला डाग पुन्हा लावणे आहे, हे मी जाणतो. एका पालकाने मला तसे तोंडावर सुनावलेही होते. त्यांचा राग योग्य होता. गुजरातच्या यादीत आता 'मन्सूरी–पिंजारा' असा जोड उल्लेख आहे, जुलायांच्या बरोबरीने अन्सारींचाही आहे. सन्मानाचे नाव ठेवूनही नोंद होऊ शकते. त्यासाठी यादी वाचलेली असली पाहिजे आणि ती वाचणे हे पालकाचे काम नाही, आपले आहे.

छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. चार वर्षांनी त्याच कोल्हापुरात त्यांच्या पुढाकाराने मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. राखीव जागा आणि शाळा ही दोन कामे त्यांना वेगळी वाटली नाहीत. देसाईंच्या लेखात पहिल्या कामाची तात्त्विक चिकित्सा आहे. दुसऱ्या कामात ज्या कारकुनी तपशिलांवर न्याय अडतो, ते त्यांच्या दृष्टीतून निसटले. इतक्या बारकाईने क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकाकडून ते निसटावे, ही त्या लेखातील सर्वांत मोठी उणीव मला वाटते.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने जनगणनेत जातीची गणना करण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हापासून आपल्या मोहल्ल्यांत चर्चा सुरू आहे की, जातीच्या प्रश्नाला 'मुस्लिम' एवढेच उत्तर द्यावे की बिरादरी सांगावी. एकजूट दिसावी म्हणून पहिले उत्तर द्या, असे सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात शिक्षकही आहेत. वर उल्लेखिलेला विद्यार्थी आता एका कारखान्यात जोडारीचे काम करतो. त्याला अखेरपर्यंत खुल्या गटाचे पूर्ण शुल्क भरावे लागले. दुसऱ्या वर्षाच्या वेळी घरातील एक यंत्र विकले गेले. गेल्या महिन्यात तो धाकट्या बहिणीला घेऊन प्रवेशासाठी आला होता. तिचा शाळा सोडल्याचा दाखला मी आधी उलटून पाहिला. रकान्यात 'मुस्लिम' होते.